डॅनिश भाषेतला 'च'

दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या मुलाच्या डोक्यावर पट्टी आडवी धरायची आणि पेन्सिलीने खूण करायची, हा खेळ बहुतेक घरांत कधी ना कधी होतो. नवी खूण बहिणीच्या जुन्या खुणेला जाऊन भिडली की मराठी घरात कोणीतरी म्हणते, 'हा ताईइतकाच उंच झाला की!' डॅनिश घरात याच प्रसंगी 'हान एर लीए सो हॉय सोम सिन सोस्टर' असे वाक्य ऐकू येईल. ते शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणले तर 'तो आहे अगदी तितका उंच जितकी आपली बहीण' असे काहीतरी अवघडलेले वाक्य तयार होते. पण या अवघडलेल्या वाक्यातच डॅनिशमधील समान तुलनेची सगळी रचना उघडी पडते.

आधी 'सो' आणि 'सोम' ही जोडी पाहू. 'सोम' हा शब्द डॅनिशमध्ये तुलनेखेरीज इतरत्रही भेटतो. 'जो माणूस इथे राहतो' अशा वाक्यातील 'जो' तो दाखवतो आणि 'शिक्षक म्हणून' यातील 'म्हणून'चे कामही तोच करतो. म्हणजे तुलनेतला 'सोम' हा आपल्या 'ज'-घराण्यातला शब्द आहे आणि 'सो' हा 'त'-घराण्यातला. मराठीत आपण 'जितका भाऊ उंच, तितकीच बहीण' असे म्हणतो, तर डॅनिशमध्ये क्रम उलटा, म्हणजे आधी 'तितका' आणि मग 'जितका'. लॅटिनमधील 'टाम' आणि 'क्वाम' ही जोडीही याच धर्तीची आहे. जितका-तितकाची सवय असलेल्या मराठी माणसाला ही रचना नवी नाही. त्याला फक्त वाक्याची दोन टोके अदलाबदल करून ठेवायची आहेत.

उरतो 'लीए'. लेखनात त्याच्या पोटात एक 'ग' असतो, तो उच्चारात नाहीसा होतो, आणि नवशिक्याची पहिली फजिती इथेच होते. इंग्रजीतील 'लाइक' आणि जर्मनमधील 'ग्लाइख' ही याच शब्दाची भावंडे. त्याचा मूळ अर्थ सारखा, समतल, सरळ असा आहे. डॅनिश शाळेत सम संख्येला 'लीए' आणि विषम संख्येला 'ऊलीए' म्हणतात. मराठीतील 'सम' हाही समानतेचा आणि दोनने भाग जाणाऱ्या संख्येचा असा दुहेरी अर्थ वागवतो, हे सहज लक्षात यावे. परंतु तुलनेच्या वाक्यात 'लीए' जे काम करतो ते 'सम'चे नाही. ते आपल्या 'च'चे आहे. 'सो हॉय' म्हणजे तितका उंच, तर 'लीए सो हॉय' म्हणजे तितकाच उंच.

ही केवळ सोयीची उपमा नाही, याचा पुरावा नकारात मिळतो. मराठीत 'तो ताईइतकाच उंच आहे' याचा नकार करताना आपण सहसा 'ताईइतका उंच नाही' असे म्हणतो, म्हणजे 'च' गळतो. डॅनिशमध्येही 'लीए' गळतो आणि 'हान एर इके सो हॉय सोम सिन सोस्टर' असे वाक्य बनते. आता 'जवळजवळ' घालून पाहा. 'जवळजवळ ताईइतकाच उंच' यात 'च' परत येतो, आणि डॅनिश 'नेस्तेन लीए सो हॉय' यात 'लीए'ही परत येतो. 'किमान तितकाच' म्हणताना दोन्ही भाषांत तो टिकून राहतो. कारणही उघड आहे: दोन गोष्टींची पातळी नेमकी जुळते असे ठामपणे सांगायचे असेल तिथे हा ठोसा लागतो, आणि पातळी जुळतच नाही असे सांगताना तो निरुपयोगी ठरतो. डॅनिशमध्ये 'लीए' लावून केलेला नकार अजिबात सापडत नाही असे नव्हे. मराठीतही 'तितकाच नाही, जरा कमी' असे आपण म्हणतोच.

दोन्ही भाषा वेगळ्या होतात त्या लिंग-वचनाच्या बाबतीत, आणि शिकणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा असे मला वाटते. मराठीत 'भावाइतका उंच', 'भावाइतकी उंच', 'भावाइतके उंच' यांत बदलतो तो 'इतका'; 'उंच' जागचा हलत नाही. डॅनिशमध्ये नेमके उलट घडते. 'लीए सो' कायम तसाच राहतो आणि बदल विशेषणात होतो. महाग या अर्थाचे 'द्यूर' हे विशेषण घ्या. मोटार हे नाम सामान्यलिंगी (डॅनिशमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मिळून झालेले एकच लिंग) असल्यामुळे ती 'लीए सो द्यूर', घर हे नपुंसकलिंगी असल्यामुळे ते 'लीए सो द्यूर्ट', आणि अनेक घरे असतील तर ती 'लीए सो द्यूरे'. याउलट 'अधिक महाग' म्हणायचे असेल तर 'द्यूरेरे' हे एकच रूप मोटारीलाही चालते, घरालाही आणि घरांनाही. अधिक-उण्याची तुलना आधी शिकलेला विद्यार्थी त्या आयत्या रूपाला सरावतो आणि समान तुलनेत नपुंसकलिंगाचा 'ट' लावायला हमखास विसरतो. त्याच घाईत तो आणखी एक गल्लत करतो. असमान तुलनेत 'पेक्षा' या अर्थी 'एन' येतो आणि समान तुलनेत 'सोम'. ही दोन्ही सांधे एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

पटीचे गणित मात्र समान तुलनेच्याच साच्यात बसते. 'दुप्पट मोठा' म्हणायला डॅनिश भाषक 'डोबेल्ट सो स्टोर सोम' असे म्हणतो, म्हणजे 'दुहेरी तितका मोठा जितका'. इथे 'लीए'च्या जागी पट आली, बाकी सांगाडा तोच. 'शक्य तितक्या लवकर' हेही याच साच्यातले असून ते 'सो हूर्टिट सोम मूलिट' असे होते.

सर्वनामांच्या बाबतीत डॅनिश लोकांमध्येच दोन तट आहेत. 'माझ्याइतका' म्हणताना 'सोम'नंतर 'मी' या अर्थाचा 'याय' घालायचा की 'मला' या अर्थाचा 'माय'? बोलण्यात 'माय' सर्रास ऐकू येतो, तर जपून लिहिणारे 'याय' पसंत करतात. हा वाद निव्वळ शिष्टाचाराचा वाटेल, पण एका वाक्यात तो अर्थाला जाऊन भिडतो. 'याय केनर हेने लीए सो गॉट सोम दाय' म्हणजे 'मी तिला तुझ्याइतकेच चांगले ओळखतो'. इथे तू तिला ओळखतोस तितके, की मी तुला ओळखतो तितके? मराठी वाक्य याचा उलगडा करत नाही. डॅनिशमध्ये 'दाय'ऐवजी कर्त्याचे रूप 'दू' ठेवले की पहिला अर्थ पक्का होतो.

तुलनेतील दोन्ही बाजू एकाच कर्त्यात आल्या की 'सो' आणि 'सोम' दोन्ही रजा घेतात. चौकटीवरच्या त्या दोन खुणांकडे बोट दाखवून आई 'दी एर लीए हॉये' एवढेच म्हणू शकते, म्हणजे 'दोघे सारखेच उंच आहेत'. ठरीव उपमांमध्ये मात्र 'लीए सो' जातो आणि 'सोम' एकटा उरतो. डॅनिश माणूस 'पोपसारखा' गर्विष्ठ असतो आणि दारू चढली की 'फूल सोम एन आलिके', म्हणजे 'आलिके'सारखा झिंगलेला होतो. 'आलिके' हा कावळ्याच्या जातीतील एक लहान पक्षी आहे. मराठीत 'दुधासारखे पांढरे' म्हणताना आपणही 'इतके' टाळून 'सारखे'वर भागवतो.

'लीए'ची भ्रमंती तुलनेबाहेर पाहिली तर 'च'शी त्याचे नाते आणखी ठळक होते. 'लीए हेर' म्हणजे इथेच, 'लीए नू' म्हणजे आत्ताच. जेवणाच्या टेबलावर मीठ मागताना मात्र तोच शब्द 'जरा'चे सौम्य रूप घेतो, आणि तिथे 'च' लावून चालत नाही. पण पाहुणे बराच वेळ बसले, पाऊस थांबण्याचे नाव घेत नाही, वाट पाहण्यात अर्थ नाही हे ध्यानात आले आणि त्यांतील एक जण उठून 'वी कान लीए सो गॉट गो' असे म्हणाला, तर त्याचे मराठी एकच होते: 'आता आपण निघालेलेच बरे'.