खो-खो, महिलांचा : मराठवाडा

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मुली व महिला नोंदणीकृत संघ, ठरलेले वयोगट आणि भारतीय खो-खो महासंघाचे नियम यांच्या चौकटीत जो खो-खो खेळतात, त्यापुरती ही नोंद मर्यादित आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीतला खो-खो सर्वांच्या माहितीचा असल्याने त्याचे वर्णन गाळले आहे. संघटित खेळ या प्रदेशात पुणे, बडोदे, मुंबई यांच्या मानाने उशिरा रुजला. राष्ट्रीय पातळीवर त्याला मिळालेली ओळख मुख्यतः धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या एकाच जिल्ह्याची कमाई आहे.

उगम : खो-खोच्या उगमाविषयी ढोबळमानाने तीन मते मांडली जातात. पहिले मत खेळाला महाभारतकाळात नेते. रथावर बसून खेळला जाणारा ‘रथेरा’ हा त्याचा पूर्वज होता, अशी एक कथा सांगतात. चक्रव्यूहातील अभिमन्यूची हालचाल हाच पहिला ‘संरक्षणाचा डाव’, अशी दुसरी. महासंघाने कुमार गटातील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराला ‘वीर अभिमन्यू’ हे नाव दिले आहे. त्यावरून कथेची लोकप्रियता कळते, खेळाचे वय कळत नाही. दुसऱ्या मतानुसार खो-खो हा दख्खनच्या गावखेड्यांतील शिवाशिवीच्या खेळांतून हळूहळू घडत गेला. तिसरे मत त्याला विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील पुण्याच्या व्यायामसंस्थांची निर्मिती मानते. पहिल्या मताला समकालीन लेखी आधार देता येत नाही. दुसरे आणि तिसरे मत मात्र एकमेकांच्या विरोधात जात नाही : पळापळीचा कच्चा माल जुना असावा, आणि बसलेले गडी, पाटी (मैदानावर आखलेला पट्टा), पाळी व पंच असलेला आजचा खेळ नवा. प्रस्तुत नोंदीत हीच मांडणी धरली आहे.

नियम प्रथम लेखी स्वरूपात आणण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याला दिले जाते आणि त्यासाठी १९१४ हे वर्ष सांगितले जाते. काही ठिकाणी ते एखाद-दुसऱ्या वर्षाने पुढेमागे आढळते. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेचा उल्लेखही अनेकदा होतो. या पहिल्या नियमांत खांब नव्हते. मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना एकेक अनुभवी गडी उकिडवा बसे आणि पळणाऱ्यांनी त्याला वळसा घालून परतायचे, असे जुने वर्णन आहे. १९१९ च्या सुमारास मैदान लंबवर्तुळाकार आखले जाई. मध्यरेषा ४४ यार्ड आणि रुंदी १७ यार्ड अशी मापे त्यासाठी दिली जातात. १९२४ च्या सुमारास बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने आपली वेगळी नियमावली केली. पुढे काही वर्षे पुण्याचा खो-खो आणि बडोद्याचा खो-खो यांत तपशिलाचे भेद राहिले. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३० च्या दशकात एकसारखे नियम प्रसिद्ध केल्यावर हे भेद बरेचसे मिटले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे देशी खेळ सादर केले. त्यांत खो-खो होता असे बहुतेक ठिकाणी म्हटले जाते. हुतूतूविषयीचे उल्लेख त्यामानाने अधिक ठाम आहेत.

या जडणघडणीत स्त्रियांचा भाग फार थोडा दिसतो. मराठवाड्यात पंचमीचे झोके, फेर, झिम्मा, फुगडी हे बायकांचे खेळ प्रचलित होते आणि खो-खो त्यांच्याच परंपरेतला, असे कौतुकाने लिहिले जाते. ते मान्य करणे कठीण आहे. या खेळांत बाद होणे नाही, प्रतिस्पर्धी संघ नाही आणि वेळेचे बंधनही नाही.

मराठवाड्यात प्रवेश : पुण्यात नियम पक्के होत होते त्या काळात मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सभा, खासगी शाळा आणि आखाडे यांना सरकारी परवानगीची अट होती. शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने मराठी शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन अशा मोजक्या संस्थांत राष्ट्रीय शिक्षणाच्या ओघात देशी व्यायाम शिकवला जाई. पुण्याचा नियमबद्ध खो-खो तेथूनच या भागात शिरला, असे एक मत आहे. दुसरी शक्यता सोलापूर-बार्शीच्या वाटेची. बार्शी लाइट रेल्वेने लातूर, येडशी हा पट्टा विसाव्या शतकाच्या आरंभीच कुर्डुवाडीशी आणि तेथून पुण्याच्या मार्गाशी जोडला गेला होता. उस्मानाबाद तर सोलापूरपासून सत्तर किलोमीटरच्या आत. खेळ याच पट्ट्यात पुढे सर्वाधिक फोफावला, हे पाहता दुसरी शक्यता अधिक पटते. मुलींचा संघटित खेळ मात्र १७ सप्टेंबर १९४८ नंतरच, किंबहुना १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेल्यावर आणि शालेय स्पर्धांचे जाळे पसरल्यावर सुरू झाला असावा.

राष्ट्रीय चौकट : पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे आणि महिलांची पहिली त्यानंतरच्या वर्षी कोल्हापुरात झाली. महिलांच्या खेळाला सुरुवातीलाच पुरुषांच्या जोडीने राष्ट्रीय स्पर्धा मिळाली, ही गोष्ट भारतीय सांघिक खेळांत विरळ म्हणावी लागेल. खो-खोतील पहिली महिला अर्जुन पुरस्कारविजेती अचला देवरे (१९७१) गुजरातची. स्पर्धेतील सर्वोत्तम महिला खेळाडूस ‘राणी लक्ष्मीबाई’ पुरस्कार देतात. मुलींच्या खालच्या वयोगटांसाठी ‘जानकी’ आणि ‘इला’ हे पुरस्कार आहेत. राज्यांबरोबर रेल्वे, भारतीय विमानतळ प्राधिकरण अशा आस्थापनांचे संघही राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. त्यामुळे महाराष्ट्राच्या मैदानावर तयार झालेली खेळाडू अंतिम सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध उभी, हे दृश्य नेहमीचे आहे.

खेळाचे तंत्र : मैदान साधारण २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद. मधल्या पाटीच्या दोन टोकांना १२० ते १२५ सेंटिमीटर उंचीचे खांब असतात. आठ आडव्या पाट्यांच्या छेदांवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. नववी पाठलाग करते. वरिष्ठ गटात पाळी ९ मिनिटांची, लहान गटांत ७ मिनिटांची. संरक्षण करणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीने आत येतात. सामन्याच्या बातम्यांत खेळाडूच्या नावापुढे कंसात संरक्षणाची मिनिटे व टिपलेले गडी छापतात. गुण बरोबरीत राहिल्यास लघुत्तम आक्रमणाचा डाव (पहिला गुण कमी वेळात मिळवणारा संघ विजयी) खेळवतात.

मराठवाड्यातील मुलींची ओळख आक्रमणापेक्षा संरक्षणासाठी अधिक, असे जाणकार म्हणतात. संरक्षणाच्या दोन पद्धती : एकेरी साखळी आणि रिंग (बसलेल्या काही गड्यांभोवती गोल फिरत पळणे). साखळीत खेळाडू बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी जाते. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत उलटता येत नाही, या दोन बंधनांवर साखळीचा सारा डोलारा उभा आहे. खांबाजवळचा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा असतो. आक्रमक एका हाताने खांब धरते, पाय पाटीत रोवते, धड जमिनीला जवळजवळ समांतर करून मोकळा हात पुढे फेकते. संरक्षक तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर मुद्दाम थांबते, खांदा एका बाजूला झुकवून हूल देते आणि कंबर दुसरीकडे वळवते. तो हात हवेत गेला की पुढची चार-पाच सेकंदे तिची. अशा चार-पाच सेकंदांच्या बेरजेतूनच तीन मिनिटांचे संरक्षण उभे राहते. आक्रमणातील सूर मारण्याचे कौशल्य मात्र मैदानाच्या मातीवर अवलंबून असते आणि येथे मराठवाड्याची अडचण सुरू होते.

काळी चिकणमाती पावसात पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून खो-खोचे मैदान करताना वरचा थर काढून मुरूम आणि तांबडी माती टाकतात, रोलर फिरवतात आणि खेळाआधी पाणी मारतात. पाणी न मारलेल्या मैदानावर सूर मारणारीचे कोपर व गुडघे सोलून निघतात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा वर्षी मैदानावर पाणी मारा, असे कुणी कुणाला सांगावे! आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, परंतु तालुक्याच्या गावी सराव मातीवरच चालतो. मातीवर घडलेला पाय मॅटवर बूट घालून वळवणे हे वेगळेच शिक्षण ठरते.

हंगाम : महिला खो-खोला इतर देशांतील हिवाळी लीगसारखा सलग हंगाम नाही. वर्षाची विभागणी शालेय व संघटनेच्या स्पर्धांनी होते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात १४, १७ व १९ वर्षांखालील गटांच्या तालुका व जिल्हा स्पर्धा, त्यानंतर विभागीय व राज्य अशी चढण असते. क्रीडा खात्याच्या रचनेत मराठवाड्याचे लातूर आणि छत्रपती संभाजीनगर असे दोन विभाग पडतात. जिल्हा संघटनांच्या निवड चाचण्या, राज्य अजिंक्यपद आणि राष्ट्रीय स्पर्धा बहुधा दिवाळीनंतर. नेमक्या याच महिन्यांत बीड व आसपासच्या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघून जातात. बीडमधून शाळकरी वयात चमकलेल्या मुली पुढच्या गटांत कमी दिसतात, त्याचे एक कारण या वेळापत्रकात शोधता येईल.

खेळाकडे वळण्यामागे व्यवहारही आहे. दहावी-बारावीला मिळणारे वाढीव गुण आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतील ५ टक्के खेळाडू आरक्षण यांचा विचार पालक उघडपणे करतात. त्यात वावगे काही नाही.

धाराशिव : १९८२ मध्ये लातूर वेगळा झाल्यावर उस्मानाबाद जिल्हा आकाराने लहान उरला. उद्योग बेताचे, पाऊस बेभरवशाचा. तरीही येथून महिला खेळाडूंची सलग परंपरा उभी राहिली. याचे श्रेय संघटक व प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कामाला दिले जाते आणि ते रास्त वाटते. सारिका काळे या परंपरेतील सर्वांत परिचित नाव. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोला हा पुरस्कार १९९८ मध्ये मिळाला होता, म्हणजे मध्ये दोन तपांच्या आसपास काळ कोरडा गेला. काळे पुढे क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत रुजू झाल्या. २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा उस्मानाबादेत भरली. जिल्ह्याच्या ठिकाणाला असा मान मिळणे हे तेथील संघटनेच्या ताकदीचे चिन्ह मानले जाते.

विश्वचषक २०२५ : पहिला खो-खो विश्वचषक १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात झाला. महिला गटात १९ संघ होते. भारताने पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले. या फरकातून भारताच्या बळाइतकेच इतर देशांतील खेळाचे नवखेपणही कळते. अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा विजय मिळाला. तो अधिक बोलका. विजेत्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. कर्णधार प्रियंका इंगळे यांचे मूळ गाव बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले, मात्र त्यांचा खेळ पुणे परिसरात घडला. मराठवाड्यात त्यांचे सत्कार झाले आणि ‘आपली लेक’ म्हणून नाव घेतले जाते. खेळाच्या इतिहासात मात्र त्यांची गणना पुण्यात करणेच योग्य ठरेल. या स्पर्धेत वेगवान प्रकार वापरला गेला : मैदानात गडी कमी, पाळ्या ७ मिनिटांच्या, आणि ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकलेल्या संरक्षकांनाही गुण. संरक्षणावर भर देणाऱ्या मराठवाडी शैलीला हा बदल मानवण्याजोगा आहे.

लीग : फ्रँचायझी पद्धतीची ‘अल्टिमेट खो-खो’ ही लीग २०२२ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिचा दुसरा हंगाम २०२३-२४ मध्ये कटक येथे झाला. दोन्ही हंगाम पुरुषांचेच होते. महिलांसाठी ‘खेलो इंडिया’ योजनेखाली लीग घेतल्या गेल्या व पुढे त्यांना ‘अस्मिता’ हे नाव मिळाले. त्यांत लिलाव नाही की दूरचित्रवाणीचा मोठा करारही नाही. प्रवास, निवास आणि माफक बक्षिसे एवढीच तरतूद असते. धाराशिवच्या मुलींना मानधनाची खात्री आजही लीगपेक्षा रेल्वे वा विमानतळ प्राधिकरणाच्या नेमणुकीतूनच अधिक मिळते.

इतर जिल्हे : छत्रपती संभाजीनगरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आणि १९५८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ असल्याने सुविधा सर्वांत चांगल्या आहेत, परंतु महिला खो-खोत शहराचे नाव त्या मानाने मागे राहिले. परभणी, हिंगोली, नांदेड व जालना येथील खेळ मुख्यतः शालेय स्पर्धा आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांपुरता आढळतो. नांदेड, परभणी, हिंगोली व लातूर येथील महाविद्यालये १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आली आणि तेव्हापासून त्यांचे संघ स्वतंत्रपणे आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात.