लंडन साडेसात हजार किलोमीटर, पण गाडी कावळा नाक्यावरून

पोरगं शिकायला लंडनला निघालं की कोल्हापुरात पहिली धावपळ बॅग तोलायची. चटणीचा डबा आत कोंबायचा आणि ओळखीच्या किराणा दुकानातल्या काट्यावर बॅग विमानाच्या २३ किलोच्या मर्यादेत बसते याची खात्री करून घ्यायची. मग शेजारपाजारचे विचारतात, "पोचायला किती तास?" मोबाईल सांगतो: मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, नऊ ते दहा तास. कोल्हापूरवरून धरलं तर अंतर साडेसात हजारांच्या आसपास, कारण मुंबई आपल्याला लंडनच्या वाटेवरच पडते.

हे किलोमीटर गोल पृथ्वीवरचे, सर्वांत जवळच्या वाटेचे. प्रवास तेवढ्यावर कधीच भागला नाही.

करवीरचे राजाराम महाराज १८७० मध्ये विलायतेला गेले, तेव्हा सुएझ कालवा खुला होऊन वर्षही झालं नव्हतं आणि कोल्हापुरात रेल्वे यायला अजून एकवीस वर्षं होती. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, वय अवघं वीस. अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं आज त्यांची छत्री आहे आणि जवळच्या पुलाला 'भारतीयाचा पूल' म्हणतात. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचा संगम पाहिलेल्या माणसाला ही जागा ऐकूनच ओळखीची वाटते.

शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी बोटीनेच गेले. राजा आजारी पडला, २६ जूनचा सोहळा ९ ऑगस्टवर गेला. पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम २६ जुलैचा, म्हणजे महाराज विलायतेत असतानाचा.

बोटीचे आठवडे विमानाने दिवसांवर आणले. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून उडालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, मग हिशेब तासांत सुरू झाला.

आजही तास पक्के नसतात. वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणून जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की वळसा आलाच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली, त्याचा फटका दिल्लीकडच्यांना जास्त बसला. तिकिटावरच्या वेळा तर दोन्हीकडच्या घड्याळांच्या. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार. वजाबाकी करायला बसलेला मामा इथंच हमखास चुकतो.

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ १९३९ चा, शाहूपुत्र राजाराम महाराजांच्या काळातला. २०१८ मध्ये केंद्राच्या 'उडान' विमानसेवा योजनेमुळे पुन्हा हलला, मार्च २०२४ मध्ये नवं टर्मिनल झालं. तरी लंडनचं विमान मुंबईहूनच. मुंबईपर्यंत विमानाचं जमलं नाही तर कोल्हापुरातल्या कावळा नाक्यावर रात्रीची बस, नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेस. ती ५१८ किलोमीटरला दहा तासांहून जास्त घेते. तेवढ्यात मुंबईचं विमान लंडनला उतरलेलं असतं.