किड्यांवर काम करणारा प्रत्येक जण कीटकशास्त्रज्ञ नसतो

कीटकशास्त्रज्ञ काय करतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. किड्याची शरीररचना, जीवनचक्र, वर्गीकरण, पिकावरची कीड वगैरे. ते इथे पुन्हा उगाळत नाही. घोळ होतो तो उभी हयात किड्यांवर संशोधन करणाऱ्या इकॉलॉजिस्टबद्दल, म्हणजे सजीवांचं एकमेकांशी आणि परिसराशी असलेलं नातं अभ्यासणाऱ्याबद्दल. ‘एक प्रयोगशाळेत बसतो, दुसरा रानात हिंडतो’ हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय की आता कानाला टोचतं. कीटकशास्त्रज्ञही रानोमाळ भटकतात, आणि इकॉलॉजिस्टचे महिनेच्या महिने सूक्ष्मदर्शकाखाली भुंगेरे निवडण्यात जातात.

दोघांचे प्रश्न निराळे. कीटकशास्त्रज्ञ किड्यापासून सुरुवात करतो: हा कोण, कसा जगतो, याचे भाऊबंद कोणते? इकॉलॉजिस्ट विचारतो, इथे एवढ्याच जाती का? त्यातली एक गेली तर बाकीच्यांचं काय होईल?

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ ई. ओ. विल्सन यांनी ही दोन्ही कामं केली, म्हणून त्यांचंच उदाहरण बघू. 2003 साली त्यांनी अमेरिका खंडांतल्या ‘फायडोली’ मुंग्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यात 624 जाती, निम्म्याहून जास्त नव्याने वर्णन केलेल्या. हे अस्सल कीटकशास्त्र. पण 1966-67 मध्ये त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ याने फ्लोरिडाजवळच्या खारफुटीच्या चिमुकल्या बेटांना तंबूने झाकून, मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी देऊन तिथले किडे-कोळी मारून टाकले आणि मग कोण परत येतं याची नोंद ठेवली. वर्षभराच्या आत जातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली; अपवाद सर्वांत लांबच्या बेटाचा. मात्र आलेल्या जाती बऱ्याचशा वेगळ्या होत्या. इथे कुठली मुंगी आली यापेक्षा किती जाती टिकतात आणि बेट लांब असलं की काय फरक पडतो, हा मुद्दा होता. ही इकॉलॉजी.

हाच फरक रोजच्या कामातही दिसतो, आणि लोक नेमके तिथेच अडखळतात. जमिनीत पुरलेला पेल्याचा सापळा घ्या. पेल्याची कड मातीशी अगदी समतल हवी. बोटभर वर राहिली तरी भुंगेरे वळसा घालून निघून जातात. सकाळी पेला रिकामा निघाला, तर नमुने गोळा करायला आलेल्याच्या दृष्टीने रात्र फुकट गेली. इकॉलॉजिस्ट मात्र वहीत 0 लिहितो, आणि तो 0 दुर्मिळ भुंगेऱ्याइतकाच मोलाचा असतो. तो न लिहिता नुसती ‘सापडलेल्यांची यादी’ आणणाऱ्याने सर्वेक्षण केलं असं मी म्हणणार नाही. ती सहलीची आठवण.

तिथेही एक मेख आहे. पेल्यात पडतो तो चालणारा किडा. उबदार रात्री भुंगेरे जास्त फिरतात, म्हणून जास्त पडतात. ‘जास्त सापडले’ म्हणजे ‘जास्त आहेत’ असं सरसकट छापणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. दोन ठिकाणांची तुलना करायची तर सापळे सारखे, दिवस सारखे आणि शक्यतो हवाही सारखी हवी.

प्रश्न हाच धागा असल्यामुळे इकॉलॉजिस्टच्या कारकिर्दीत प्राणी बदलत राहतात. आज भुंगेरे, उद्या गोगलगाय, परवा गांडूळ. अमेरिकन इकॉलॉजिस्ट रॉबर्ट पेन यांनी 1960च्या दशकात समुद्रकाठच्या खडकावरून एका जातीचा तारामासा काढून टाकत राहून पाहिलं, तर शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि इतर जाती हटल्या. पेन यांना कुणी ‘तारामासातज्ज्ञ’ म्हणत नाही. मग शेणातल्या भुंगेऱ्यांवर तसंच काम करणाऱ्याला ‘किडेवाला’ का म्हणायचं?

बाकीचे फरक किरकोळ. कोळी, गांडूळ, गोगलगाय हे कीटक नव्हेत, एवढं शाळेतच कळतं. इकॉलॉजिस्ट म्हणजे पर्यावरणवादी कार्यकर्ताही नव्हे; एखादा असतो, पण तो वेगळा भाग.

आणि आपण ‘मोठे प्रश्न’ विचारतो म्हणून वर्गीकरणाला नाकं मुरडणारे इकॉलॉजिस्ट मला मुळीच आवडत नाहीत. त्यांच्या तक्त्यांत ‘भुंगेरा क्र. 7’ असं लिहिलेलं असतं आणि नमुना कुठे जपलाय याचा पत्ता नसतो. असा तक्ता दुसऱ्याच्या तक्त्याशी ताडून बघायचीही सोय राहत नाही, कारण त्याच्याकडचा क्र. 7 भलताच कुणीतरी असतो.