रिपेअरनंतर विंडोज नव्याने टाकायची का? लॅपटॉप आमच्याकडे देण्याआधी वाचा

‘उघडताय तर विंडोजपण नवीन मारून द्या,’ असं काउंटरवर रोज कुणीतरी सांगतं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी, बिजागरी, पंखा, चार्जिंगची पिन यांपैकी काहीही बदललं तरी विंडोजला हात लावायचं कारण नाही. रॅम वाढवली तरी नाही. पाणी सांडलेल्या मशीनचा बोर्ड धुऊन चालू झाला आणि डिस्क ठीक असली, तर आतली विंडोज होती तशीच राहते.

विचार करावा लागतो तो दोनच वेळा: डिस्क बदलली किंवा मदरबोर्ड बदलला तर.

जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवताना आम्ही आधी डिस्कची तब्येत तपासतो. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे वाचता न येणारे भाग, नसतील तर क्लोन करतो, म्हणजे आहे तशी हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर घेतो. मग टॅली, प्रिंटर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, मराठी फॉन्ट सगळं जागच्या जागी राहतं. सेक्टर गेलेले असतील तर मात्र क्लोन करत नाही. वाचता न आलेल्या फाइली तशाच तुटक्या नव्या डिस्कवर जातात आणि महिन्याभरात लॅपटॉप परत येतो. अशा वेळी आधी डेटा काढायचा आणि विंडोज कोरी टाकायची.

मदरबोर्ड बदलल्यावरही फॉरमॅट लागेलच असं नाही. निळा स्क्रीन येऊन ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसलं की लोकांना वाटतं विंडोज उडाली. पुष्कळदा बायोसमधली (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डचा प्रोग्राम) स्टोरेजची सेटिंग तेवढी बदललेली असते. ती आधीसारखी केली की तीच विंडोज सुरू होते. कंपनीकडून आलेल्या विंडोजची लायसन्स-की जुन्या बोर्डच्या चिपमध्येच असते, त्यामुळे नव्या बोर्डवर ॲक्टिव्हेशन जाऊ शकतं. लायसन्स आधीच तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन, ट्रबलशूट या वाटेने ते बहुधा परत मिळतं.

आता मुख्य गोष्ट. तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ हिच्यात जातो.

विंडोज ११ चे बरेच लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केले की डिस्क आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होते. ते कुलूप उघडण्याचं काम टीपीएम ही सुरक्षेची चिप करते. बोर्ड बदलला, कधी बायोस रिसेट झाला, तरी मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती आमच्याकडे नसते आणि कुठलंही दुकान ती तयार करून देऊ शकत नाही. रिकव्हरी की नाही म्हणजे डेटा नाही. ती असते ज्या अकाउंटवर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या अकाउंटमध्ये, आणि ते पुष्कळदा मुंबई-पुण्याला असलेल्या मुलाचं किंवा भाच्याचं असतं, ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो. मग बोर्ड बसवून तयार असलेलं मशीन टेबलावर पडून राहतं.

म्हणून लॅपटॉप चालू होत असेल तर आणण्याआधी सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन उघडून बघा. ऑन असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर अकाउंट उघडून रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, शेजारी की आयडीची पहिली आठ अक्षरंही लिहा. एकाच अकाउंटवर दोन-तीन मशीनच्या की असतात, आणि कुठली कोणाची ते त्यावरूनच कळतं. मशीन बंदच पडलं असेल तरी अकाउंट मोबाईलवरून उघडता येतं.

निळे स्क्रीन येतात म्हणून फॉरमॅट मागणाऱ्यांसाठी थोडं. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या पट्टीचे संपर्क काळवंडतात, विशेषतः खाडीकाठच्या घरांत आणि पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेल्या मशीनमध्ये. रॅम खराब असताना विंडोज टाकली तर तीसुद्धा चुकीची लिहिली जाते. म्हणून आम्ही आधी संपर्क साफ करतो, मेमरी टेस्ट रात्रभर लावतो, मग सिस्टम फाइल दुरुस्तीचे आदेश चालवतो. एवढं करूनही दोष राहिला तरच फॉरमॅट. याला एक दिवस जास्त लागतो आणि ‘समोर तासाभरात करून देतात’ असं आम्हाला ऐकावं लागतं, पण दोष हार्डवेअरचा असेल तर फॉरमॅटने तो जात नाही.

फॉरमॅट ठरलाच तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून मोकळं करा, आणि कंपनीच्या डेटाचा बॅकअप घ्या. आंब्याच्या सीझनमध्ये बिलिंगचं मशीन फॉरमॅटला देऊ नका, मे उलटू द्या. डेस्कटॉपवर ढगाचं चिन्ह असलेली फाइल लॅपटॉपवर नसून वनड्राइव्हवर असते, तेव्हा पासवर्ड आठवत असल्याची खात्री करा.

क्रॅक केलेली विंडोज आम्ही टाकत नाही. ती चालू करणारा ॲक्टिव्हेटर प्रोग्राम अँटिव्हायरस बंद करायला लावतो आणि त्याच मशीनवर तुमचं नेटबँकिंग चालतं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन ११ ला चालणारं असेल तर एसएसडीच्या कामातच ते करून घेणं स्वस्त पडतं. तपासून सांगायचे पैसे घेत नाही.

काढलेली जुनी डिस्क तुमच्याच हातात देतो. नव्या मशीनवर सगळ्या फाइली उघडून बघेपर्यंत ती पुसू नका.