बेळगाव सीमाभागातील सवलतीचा किराणा : पार्श्वभूमी

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि भोवतालच्या गावांत महिन्याचे सामान भरण्यासाठी गल्लीतले दुकान सोडून सवलतीच्या दुकानाची वाट धरणारी कुटुंबे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढत गेली. ‘तिथे स्वस्त मिळते’ एवढेच कारण बहुतेक जण सांगतात, आणि ते खोटे नाही. परंतु स्वस्त म्हणजे कशापेक्षा स्वस्त, या प्रश्नाचे उत्तर आजच्या गिऱ्हाइकाकडे एक आहे आणि त्याच्या आजीकडे दुसरे होते.

आजीचा हिशेब बेळगावच्या रविवार पेठेचा, म्हणजे घाऊक बाजाराचा होता. घाटाखालचा गोवा आणि घाटावरचा देश यांच्या मधोमध वसलेल्या या शहरात धान्याचा, गुळाचा, मिरचीचा घाऊक व्यापार पूर्वापार चालत आला आहे. चंदगड तालुका १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातून निघाला आणि कोल्हापूरकडे गेला, पण तिथल्या लोकांचा बाजार बेळगावलाच राहिला. लग्नकार्य, गणपती किंवा दिवाळी जवळ आली की चार घरांनी मिळून पेठेतून साखरेचे पोते, तेलाचा डबा आणि गुळाच्या ढेपा उचलायच्या आणि घरी आणून वाटून घ्यायच्या, ही पद्धत जुन्या पिढीला चांगली ठाऊक आहे. आजच्या सवलतीच्या दुकानाचे खरे मूळ या वाटणीत आहे, असे मला वाटते. फरक एवढाच की पोते फोडण्याचे काम आता दुकानदार करतो.

मधल्या काळात रेशन आले आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर सरकारच्या पाठबळावर ग्राहकांची सहकारी भांडारेही निघाली. तिथे दर ठरलेला असे, निवड मात्र बेताची. त्यामुळे रोजचा व्यवहार गल्लीतल्या दुकानाशीच राहिला, कारण तिथे उधारीची वही होती. पगार किंवा तंबाखूच्या पिकाचे पैसे हाती येईपर्यंत दुकानदार थांबे, आणि त्या थांबण्याची किंमत मालाच्या दरात मुरलेली असे. रोख देणाऱ्यालाही बहुधा तोच दर लागे. उधारी बंद करून तो मुरलेला भाग गिऱ्हाइकाला परत देणे, हा सवलतीच्या दुकानाचा पहिला आणि सर्वांत प्रामाणिक आधार होय.

दुसरा आधार छापील किमतीचा, आणि गुंता तिथेच आहे. वेष्टनबंद मालावर वजन, किंमत आणि उत्पादनाची माहिती छापण्याची सक्ती १९७७ च्या नियमांनी केली. त्या नियमांत किंमत दोन प्रकारे छापता येत असे : सर्व करांसह, किंवा ‘स्थानिक कर वेगळे’ अशी पुस्ती जोडून. बहुतेक कंपन्यांनी दुसरा मार्ग पत्करला. स्थानिक कर नेमका किती, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्यामुळे दुकानदार सांगेल ती रक्कम द्यावी लागे. सीमाभागात हा गोंधळ दुप्पट होता. दोन राज्यांचे विक्रीकर वेगळे. कर्नाटकाने १९७९ साली जकात काढून प्रवेशकर आणला, तर महाराष्ट्रातल्या शहरांत जकात पुढेही अनेक वर्षे चालू राहिली. एकाच साबणाची निपाणीतली आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलमधली किंमत वेगळी का, याचे उत्तर वेष्टनावर शोधून सापडत नसे.

१९९० साली नियम बदलला आणि ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ छापणे बंधनकारक झाले. एमआरपी हा शब्द तेव्हापासून घरोघर पोहोचला. ग्राहकाची लूट थांबावी म्हणून घेतलेला हा निर्णय होता आणि त्या मर्यादेत तो उपयोगी ठरला. मात्र त्यातला ‘कमाल’ हा शब्द व्यवहारात गळून पडला. एमआरपी म्हणजे ज्याच्यापेक्षा जास्त दराने विकता येत नाही तो आकडा. पण लोक त्यालाच मालाची खरी किंमत मानू लागले आणि त्याच्या खाली मिळालेला प्रत्येक रुपया बचत ठरला. हा आकडा उत्पादक स्वतः ठरवतो आणि तो किती उंच असावा याला किराणा मालात सहसा कायदेशीर बंधन नाही. नावाजलेल्या साबणाची एमआरपी बाजारभावाच्या जवळपास राहते, कारण तो साबण सगळीकडे मिळतो. फारशा ओळखीच्या नसलेल्या छापाच्या सुक्या मेव्यावर किंवा मसाल्यावर मात्र एमआरपी इतकी चढी असू शकते की तीस टक्के सूट देऊनही दर रविवार पेठेपेक्षा जास्तच भरतो. म्हणून पावतीच्या तळाशी येणारी ‘तुमची बचत’ ही ओळ जपून वाचली पाहिजे. ती बचत उत्पादकाने ठरवलेल्या छतापासून मोजलेली असते. शेजारच्या दुकानात तोच माल काय दराने मिळतो, याचा तिच्यात पत्ता नसतो.

सुट्या मालाला एमआरपी नाही, आणि म्हणून सवलतही दाखवता येत नाही. सुटा माल मागे पडण्यास हेही एक कारण झाले. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने माणसे दगावल्यानंतर खाद्यतेल वेष्टनबंद विकण्याचा आदेश निघाला आणि किटली घेऊन तेलाला जाण्याचे दिवस संपत आले. पुढे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा दोन्ही राज्यांचा कर एक झाला आणि निपाणी-कागलचे जुने कोडे सुटले. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के कर बसला, सुटा माल मोकळा राहिला. त्याच सुमारास ठरावीक वजनांच्या पाकिटांची जुनी सक्तीही गेली. तेलाची पिशवी हातात घेऊन पाहावी : एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम हे गणित अनेकांच्या डोक्यात पक्के बसलेले, पण शेजारची, दिसायला तेवढीच पिशवी ७५० किंवा ८०० ग्रॅमची निघते. दर ग्रॅममागे किंमत छापण्याचा नियम आता आहे, परंतु ते अक्षर चष्म्याशिवाय लागत नाही.

या सगळ्यात स्थानिक सवलतीच्या दुकानाने जी जागा मिळवली ती मोठ्या साखळी दुकानांना सहजी घेता आलेली नाही. इथे वेष्टनातला माल फळीवर आणि सुटा माल पोत्यात, असे दोन्ही चालते. जवारी मिरची हातात मोडून वास घेता येतो, तांदळाचे चार दाणे दातांखाली धरून पाहता येतात. दुकानाच्या पाट्यांच्या भाषेवरून सीमाभागात झालेले वाद जुने आहेत, आणि कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्याने फलकाचा साठ टक्के भाग कन्नडसाठी ठरवला. पण काउंटरवर ‘साखर ५, तूरडाळ २, पोहे जाड १, जिरे पाव’ अशी वहीच्या फाडलेल्या पानावरची मराठी यादी ठेवली की आतला मुलगा ती वाचून सामान काढतो. ज्या बाईला वेष्टनावरची कन्नड किंवा इंग्रजी अक्षरे लागत नाहीत, तिच्या दृष्टीने ही सोय पाच टक्के सवलतीहून मोठी आहे, आणि तिची नोंद कोणत्याही जाहिरातीत होत नाही.

२०२३ नंतर या बाईच्या हिशेबात दोन गोष्टींची भर पडली. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसने मोफत प्रवास मिळू लागला, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर कुटुंबप्रमुख महिलेला महिन्याला २,००० रुपये देणारी योजना सुरू झाली. खानापूरच्या खेड्यातून बेळगावला येऊन सामान नेण्यात पूर्वी बसभाड्यातच सवलत संपत असे. आता ती घरापर्यंत पोहोचते. सीमेपलीकडे चंदगडच्या बाईला एसटीत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत अर्धे भाडे लागते, म्हणून तिची फेरी महिन्यातून एकच, आणि पिशव्या जड.

एमआरपीचा गुंता मात्र सुटलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी साबण, शॅम्पू, टूथपेस्ट आणि केसांच्या तेलावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या छापाचा माल दुकानांत भरलेला होता. वेष्टनावर जुनी एमआरपी आणि पावतीवर उतरलेला दर, यांतला किती भाग सरकारने सोडला आणि किती दुकानदाराने, हे ‘तुमची बचत’ या एकाच आकड्यावरून कळण्याची सोय नव्हती.