पेट्रोल शिळं झालंय की त्याला पाणी लागलंय?

तीन-चार महिने उभी असलेली मोटरसायकल सुरू होईना, की आजूबाजूला जमलेल्या प्रत्येकाचं निदान ठरलेलं असतं: "पेट्रोल खराब झालं असेल." बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण या एका वाक्यात दोन निरनिराळे आजार दडलेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. एक, पेट्रोल शिळं होणं. दुसरा, पेट्रोलला पाणी लागणं. "टाकीतलं पेट्रोल किती दिवस टिकतं?" हा प्रश्न खरं तर पहिल्यापुरताच आहे. पाण्याला दिवस लागत नाहीत. काल संध्याकाळी भरलेलं ताजं पेट्रोल रात्रीच्या एका पावसात वाया जाऊ शकतं.

आधी शिळं पेट्रोल. पेट्रोल हा एकच एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनांची ती मिसळ आहे. काही घटक अगदी हलके: ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतं, पेंटेन 36 अंशांना. काही जड, 200 अंशांपर्यंत न हलणारे. थंड इंजिन पहिल्या दोन-चार किकमध्ये पेटतं ते या हलक्या घटकांच्या जिवावर, कारण थंडीतही तेवढेच वाफ होऊन हवेत मिसळतात. आणि टाकीच्या झाकणातल्या श्वासछिद्रातून आधी उडून जातात तेही हेच. मागे राहतं ते जळत नाही असं नाही, पण पेटायला आळशी असतं.

शिळेपणातली दुसरी गोष्ट सावकाश चालते. पेट्रोलमधले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि त्यातून चिकट डिंकासारखा पदार्थ तयार होतो. हे लांबावं म्हणून रिफायनरीतच त्यात अँटिऑक्सिडंट घालतात, पण ते हळूहळू खर्च होतं. उष्णता वाढली की हा वेग झपाट्यानं वाढतो; ढोबळ हिशेब असा की दर 10 अंशांना जवळजवळ दुप्पट. तांबं आणि पितळ या क्रियेला आणखी हातभार लावतात, आणि कार्ब्युरेटरमधले (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातले) बारीक छिद्रांचे जेट नेमके पितळेचे असतात.

म्हणून "किती दिवस" याचं उत्तर पेट्रोल कुठे आहे यावर ठरतं. घट्ट झाकणाच्या, जवळजवळ भरलेल्या कॅनमध्ये, सावलीत, ते सहा महिने ते वर्षभर सहज चालतं. मोटरसायकलच्या टाकीत तीन ते सहा महिने धरा. टाकी अर्धी रिकामी आणि गाडी उन्हात असेल तर खालचा आकडा. कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये, म्हणजे त्याच्या तळाच्या छोट्या वाटीत, मात्र महिनाभरातच बोंब होऊ शकते. तिथे पेट्रोल असतं जेमतेम काही चमचे, वर हवेला वाट उघडी, आणि खाली पायलट जेटचं (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. ते थोडंसं पेट्रोल सुकलं की तपकिरी वॉर्निशचा थर उरतो आणि छिद्र बुजतं. "पेट्रोल शिळं झालं" म्हणून गॅरेजमध्ये गेलेल्या पुष्कळ गाड्यांच्या टाकीतलं पेट्रोल ठीकच असतं. शिळे झालेले असतात ते बाउलमधले चार चमचे.

आता पाणी. इथे पेट्रोलचा प्रकार महत्त्वाचा. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जवळपास विरघळतच नाही. थेंब पडला की थेट तळाला जाऊन बसतो. इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ते आधी लपतं. 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेऊ शकतं, म्हणजे 10 लिटरच्या टाकीत सुमारे 50 मिली. तेवढ्यापर्यंत वरून काहीच कळत नाही, ते पाणी पेट्रोलबरोबर इंजिनातून निघूनही जातं. (20 टक्के इथेनॉलवाल्याची पाणी पचवायची ताकद याहून जास्त. इथेनॉल वाढलं की पाण्याचा त्रास लगेच वाढतो, ही समजूत म्हणून अर्धवट आहे.)

मर्यादा ओलांडली मात्र, की सगळं फाटतं, अगदी दूध फाटावं तसं. पाणी एकटं खाली जात नाही, इथेनॉललाही ओढून नेतं. त्यामुळे तळाचा थर आत गेलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी जाड निघतो. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन (इंजिनात वेळेआधी न पेटण्याची ताकद) उतरतो. शिवाय थंडीत पाणी पचवायची ताकद घटते. संध्याकाळी एकजीव दिसणारं पेट्रोल पहाटे दोन थरांत सापडतं ते त्यामुळे.

हे पाणी येतं कुठून? पाठ झालेलं उत्तर म्हणजे "हवेतल्या दमटपणामुळे". मीही ते बरीच वर्षं सांगत होतो. मग एकदा हिशेब केला. 30 अंशांना अगदी दमट हवेतही घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम बाष्प असतं. म्हणजे 10 लिटर हवेत 0.3 ग्रॅम. आख्खी रिकामी टाकीभर हवा दीडशेहून जास्त वेळा बदलली आणि तिच्यातलं सगळं पाणी आतच राहिलं, तर कुठे 50 मिली जमेल. दिवस-रात्रीच्या तापमानाच्या फरकानं टाकी जो श्वास घेते, त्यात एका वेळी हवेचा थोडासाच भाग बदलतो. काही महिन्यांत पेट्रोल फाटेल इतकं पाणी या वाटेनं येणं अवघड. टाकीचा वरचा उघडा पत्रा आतून गंजायला मात्र तेवढा दमटपणा पुरतो.

खरा चोर बहुधा झाकणाजवळ असतो. झाकणाचं रबर कडक होऊन चिरतं. झाकणाभोवतीच्या खोलगट भागात पडलेलं पाणी वाहून जायला बारीक नळी असते, ती धुळीनं तुंबते. मग पावसात किंवा प्रेशरनं गाडी धुताना तिथे साचलेलं पाणी आत झिरपतं.

दोन्ही आजारांत गाडी बंद पडते, पण बंद पडायची तऱ्हा वेगळी. शिळ्या पेट्रोलवर ती मुळात सुरूच व्हायला कुरकुरते. चोक ओढून, किक मारून घाम निघतो. एकदा तापली की बरी चालते, मात्र अॅक्सिलरेटर सोडला की आयडलिंगला मरते. पाणी असेल तर नेमकं उलट: पहिल्या किकला सुरू होते, कारण बाउलमध्ये आधीचं चांगलं पेट्रोल असतं. तेवढं संपेपर्यंत व्यवस्थित धावते, मग मिसिंग करायला लागते, झटके देते आणि मरते. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला टाकल्या टाकल्या बंद पडली तर पाण्याचा संशय आणखी पक्का, कारण रिझर्व्हची वाट अगदी तळातून घेते. वळणावर किंवा साइड स्टँडवर कलंडल्यावर त्रास वाढतो तोही तळाचं पाणी इकडून तिकडे सरकल्यानं.

खात्री करायला काचेची एक स्वच्छ बरणी पुरते. मोकळ्या जागेत, आसपास ठिणगी किंवा आग नसताना, बाउलच्या खालचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल त्यात घ्या. कॉकची नळी काढून टाकीच्या तळातलं घेतलं तर अधिक चांगलं. तासभर हलवू नका. खाली वेगळा थर किंवा लोळणारे मण्यांसारखे थेंब दिसले तर पाणी. थर नाही, पण रंग गडद झालाय आणि ताज्या पेट्रोलच्या झणझणीत वासाऐवजी जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येतोय, तर शिळं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून बघा: ताजं पेट्रोल उडून जातं, शिळं चिकट डाग ठेवतं. कार्ब्युरेटर उघडलाच तर तोही साक्ष देतो. तपकिरी-हिरवट चिकटा म्हणजे शिळेपणा. पांढरी भुकटी आणि टाकीतून आलेला तांबडा गंज म्हणजे पाणी.

उपाय इथे फुटतात. थोडंसं शिळं पेट्रोल फेकायची गरज नसते. एक भाग जुनं आणि तीन-चार भाग ताजं मिसळलं की ताज्यातले हलके घटक सगळ्यांचं काम भागवतात. पण बुजलेला जेट यानं उघडत नाही, तो काढून साफच करावा लागतो. पाणी लागलेल्या टाकीत मात्र वरून ताजं ओतणं ही मी स्वतः केलेली चूक आहे. इंजिन तळातूनच पितं, त्यामुळे वर कितीही चांगलं ओता, आधी तळाचंच येणार. माझी ताज्या पेट्रोलची टाकीही त्यात गेली. ती टाकी पूर्ण रिकामी करायची, वाळवायची, बाउल आणि फिल्टर साफ करायचे, आणि झाकणाचं रबर बदलायचं. नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच. स्टॅबिलायझरची बाटली या दोहोंपैकी काहीच बरं करत नाही. ताज्या पेट्रोलमध्ये घातला तर तो शिळेपणा लांबवतो, इतकंच.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत नाही, पण जवळजवळ भरून ठेवा. हवेला जागा कमी, म्हणजे उडणं कमी आणि पत्र्याचा गंजही कमी. मग कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे बाउल बराचसा कोरडा होतो. उरलेले थेंब स्क्रूतून काढा. इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी पंपानं दाबून पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीला बाउलच नाही. तिच्यात पेट्रोल बंद नळीत राहतं, म्हणून ती शिळेपणा जास्त दिवस सोसते. पाण्याच्या बाबतीत मात्र तिला काही सवलत नाही, उलट पंप टाकीतच असल्यानं गंजाचा कचरा आधी त्याच्याच वाट्याला येतो.

टाकीतून काढलेला पाण्याचा थर गटारात किंवा मातीत ओतू नका. झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, नाव लिहून, टाकाऊ तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्या. पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका.