गतिज ऊर्जा की संवेग: जड बाणाच्या हिशेबातली नेहमीची गल्लत

साध्या धनुष्याने मोठ्या जनावराची शिकार करायची म्हटलं की सगळी चर्चा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) की लाँगबो (लांब, जवळजवळ सरळ धनुष्य) यावरच घुटमळते. त्याचा निकाल पटकन लावू. तेवढ्याच पौंडांत, म्हणजे दोरी ओढायला तेवढाच जोर लागत असताना, रिकर्व्हचा बाण सहसा थोडा वेगाने सुटतो. लाँगबो वजनाला हलकं आणि हाताची बारीकसारीक चूक सांभाळून घेणारं. हाताला बसेल ते घ्या. पौंडही तेवढेच, जेवढे पूर्ण ओढून न थरथरता धरता येतात.

खरा घोळ पुढे आहे. कंपाउंडची, म्हणजे चाकं लावलेल्या आधुनिक धनुष्याची, सवय असलेली मंडळी बाणाची गतिज ऊर्जा काढतात आणि तिथेच थांबतात. दोन बाण शेजारी ठेवून बघा. कंपाउंडचा 350 ग्रेनचा (सुमारे 23 ग्रॅम), सेकंदाला 280 फूट वेगाचा बाण: ऊर्जा साधारण 83 ज्यूल. रिकर्व्हचा 650 ग्रेनचा, जेमतेम 155 फूट वेगाचा: 47 ज्यूल. दुसरा अगदीच बापुडा वाटतो. आता संवेग काढा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंदात पहिल्याचा 1.94, दुसऱ्याचा 1.99. बापुडा पुढे गेला!

ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणून वेगवान बाणाचा आकडा फुगतो. यावर शाळेतलं भौतिकशास्त्र आठवणारा कुणीतरी हटकून म्हणतो, बल गुणिले अंतर म्हणजे ऊर्जाच, मग बाण किती खोल शिरणार ते ऊर्जेवरच ठरणार. बरोबर, पण अडथळ्याचं बल सतत सारखं असेल तर. मांसात ते तसं नसतं. बाण जितका वेगात, तितका अडथळाही वाढतो, त्यामुळे वेगाने कमावलेलं वेगच खाऊन टाकतो. जड बाण सावकाश शिरतो आणि सावकाशच मंदावतो. बरगडीला लागल्यावरही त्याची चाल चटकन मोडत नाही.

धनुष्य न बदलताही फरक दिसतो. 50 पौंडांच्या रिकर्व्हवर 450 ग्रेनचा बाण 180 फूट वेगाने जातो असं धरा, आणि 650 ग्रेनचा 155 ने. ऊर्जा 44 वरून 47 ज्यूल, म्हणजे फारसं काही नाही. संवेग मात्र 1.6 वरून 1.99. शिवाय धनुष्याची थरथर आणि आवाजही कमी होतो. हे सोडून लोक आणखी दहा पौंडांचं धनुष्य आणतात आणि त्यावर पुन्हा काडीसारखा बाण लावतात, याला काय म्हणावं?

जाड हाड भेदायला किमान 650 ग्रेन हा आकडा बाण किती खोल शिरतो याचा अभ्यास करणारे एड अ‍ॅशबी यांच्या आफ्रिकेतल्या नोंदींवरून रूढ झाला. तो सगळे घोकतात. पण त्यांच्याच यादीत वजनाच्या आधी दोन गोष्टी येतात: बाण मोडता कामा नये, आणि तो न डगमगता उडाला पाहिजे. टोकाला वजन वाढवलं की शाफ्ट (बाणाची काडी) जास्त लवतो, म्हणून ताठ शाफ्ट घ्यावाच लागतो. पातं दोन धारांचं, पक्कं बसवलेलं. लागल्यावर उघडणारी पाती साध्या धनुष्यावर मला मुळीच मान्य नाहीत. असलेला जोर ती उघडण्यातच घालवतात.

किंमत मोजावी लागते ती अंतरात. हा जड बाण 20 मीटरवर जवळजवळ 90 सेंटिमीटर खाली येतो, 30 मीटरवर तब्बल दोन मीटर. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी तो फुप्फुसाऐवजी पोटात जातो, म्हणून 20 मीटरच्या पुढे दोरी सोडू नये.